फ्रिज रात्रीच का बंद पडतो: कॅराव्हॅनच्या १२ व्होल्ट वायरिंगच्या दुरुस्तीच्या नोंदी

इंदूर, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

२४ ऑगस्ट, रविवार

आज महेश्वरहून परतलो. आमची गाडी म्हणजे २०१२ सालची टेम्पो ट्रॅव्हलर. दोन वर्षांपूर्वी तिची आतली रचना कॅराव्हॅनसारखी करून घेतली. मागच्या बाकाखाली १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, छतावर १०० वॉटची दोन सौर पॅनेल, चालकाच्या आसनामागे ५० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज, शिवाय पाण्याचा छोटा पंप, दोन पंखे आणि एलईडी दिवे, अशी मांडणी आहे. काल रात्री घाटाजवळ मुक्काम असताना फ्रिज केव्हातरी बंद पडला आणि सकाळी आतल्या थर्मामीटरवर २१ अंश दिसले. त्यात सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. रात्रभरात नेमके काय झाले हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे दोन नवी पेन टाकून दिली.

चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर, गाडीने नर्मदा परिक्रमा करायचे ठरले आहे आणि बाबा सोबत येणार आहेत. त्यामुळे ही दुरुस्ती लांबणीवर टाकता येणार नाही. अशीच अडचण असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून मोजलेले आकडे, झालेल्या चुका आणि खर्च इथे जसेच्या तसे लिहीत आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती घरात असल्याने जेमतेम दोन तास मिळाले. बॅटरीच्या दुकानात गेलो असता दुकानदाराने गाडी न पाहताच बॅटरी संपली असे सांगून नवीची किंमत १४,५०० रुपये सांगितली. पैसे काढण्यापूर्वी १८० रुपयांचा हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारे उपकरण) आणला आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचे सहाही सेल तपासले. सर्वांचे विशिष्ट गुरुत्व १.२३० ते १.२४० च्या दरम्यान भरले. या प्रकारच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी १.२४० च्या आसपासचा आकडा पूर्ण चार्जचा मानतात. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असता तर दुकानदाराचे म्हणणे मान्य केले असते.

पॅनेल सोडवून बॅटरी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मोजली, तेव्हा १२.६४ व्होल्ट होते. पॅनेल जोडलेले ठेवून घेतलेला आकडा खोटा असतो, कारण सूर्य वर असेपर्यंत मीटर बॅटरीचे नव्हे तर चार्जिंगचे व्होल्टेज दाखवतो. बॅटरी निर्दोष आहे, एवढे आज नक्की झाले.

याच वेळी एक चूक झाली. दुपारी बॅटरीचे टर्मिनल साफ करण्यासाठी ते सोडवले, पण पॅनेल पुन्हा जोडलेले होते हे विसरले. बॅटरीचा आधार गेल्यावर पॅनेलचे चढे व्होल्टेज पॅनेल आणि बॅटरीमधल्या स्वस्त चार्ज कंट्रोलरमधून थेट दिव्यांपर्यंत गेले आणि कपाटातले दोन एलईडी कायमचे गेले. ३६० रुपये. सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, हा क्रम मी आता कंट्रोलरवरच कागद चिकटवून लिहिला आहे.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झाले. आज पूर्ण दिवस गाडीसाठी होता.

फ्रिजच्या मागे त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरजवळ एक लहान दिवा आहे, तो मी आजवर पाहिलाच नव्हता. फ्रिज बंद पडलेला असताना तो ठरावीक वेळाने एकेकदा लुकलुकत होता. फ्रिजमध्ये डॅनफॉस बीडी-३५ जातीचा कॉम्प्रेसर आहे आणि त्याच्या खुणांमध्ये एक लुकलुक म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज कमी पडल्याने स्वतःहून बंद. मूळ जुळणीत हा कंट्रोलर १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की तो बॅटरीचे व्होल्टेज पाहत नाही, स्वतःच्या टर्मिनलवर जे पोचते तेच पाहतो.

मी मीटर लावला, तर फ्रिजच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले आणि मी गोंधळात पडले. बाबांनी दूरसंचार खात्यात लाइनचे काम केले आहे. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे लांब तारेत व्होल्ट कुठे हरवतात हे शोधण्यात त्यांची हयात गेली. ते खुर्ची घेऊन गाडीच्या दाराशी बसले होते. "अगं, रिकाम्या तारेतनं सगळेच व्होल्ट पोचतात," ते म्हणाले. "तिच्यावर ओझं टाक आणि मग मोज."

ओझे म्हणून हेडलाइटचा एच-४ बल्ब वापरला. १५० रुपयांना मिळतो आणि त्याची ६० वॉटची फिलामेंट जवळजवळ फ्रिजच्या कॉम्प्रेसरइतका, आमच्या मोजणीत ४.७ अँपिअर, करंट घेते. बल्ब अतिशय तापतो, म्हणून तो कुंडीच्या खापरावर ठेवला. फ्रिज बंद करून बल्बच्या तारा फ्रिजच्याच टर्मिनलवर लावल्या आणि बल्ब पेटलेला असताना पुढील आकडे घेतले. बॅटरीवर १२.४८ व्होल्ट, फ्रिजच्या टर्मिनलवर १०.७६ व्होल्ट. १.७२ व्होल्ट वाटेत हरवत होते. रात्री बॅटरी १२.२ वर उतरली की फ्रिजला साडेदहा मिळत असणार, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याहून कमी. दिवसा पॅनेलमुळे व्होल्टेज चढे राहते, म्हणून बिघाड दिवसा दिसत नव्हता.

पुढचे पाऊल बाबांनी दाखवले. मीटर व्होल्टवरच ठेवून त्याची एक टोचणी बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी फ्रिजच्या धन टर्मिनलवर ठेवायची. जो आकडा येतो तो त्या बाजूला हरवलेले व्होल्ट. मग ऋण बाजूला तसेच. धन बाजूला ०.७८ आणि ऋण बाजूला ०.९४ आले. बेरीज बरोबर १.७२. त्यानंतर धन बाजूचे तुकडे केले: फ्यूजच्या धारकात ०.०६, सिगारेट लायटरच्या सॉकेटात ०.२८ आणि १.५ चौरस मि.मी. जाडीच्या ७ मीटर तारेत ०.४४. या जाडीच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो, त्यामुळे तारेचा आकडा हिशोबाला तंतोतंत जुळतो. म्हणजे तार बिघडलेली नाही. ती या कामासाठी मुळातच बारीक आहे.

ऋण बाजूला वेगळी तारच नाही. बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने ती फ्रिजजवळच्या लोखंडी अँगलला स्क्रूने जोडून दिली आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आधी फुकटचा उपाय केला. अँगलवरचा स्क्रू काढला तर खाली रंग तसाच होता आणि स्क्रूच्या आट्यांपुरताच धातूला धातू लागत होता. पॉलिश पेपरने रंग आणि गंज काढून, दातेरी वॉशर घालून, नवा बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. ऋण बाजूची घट ०.९४ वरून ०.१५ वर आली, फ्रिजला साडेअकरा व्होल्ट मिळू लागले आणि दोन रात्री तो अखंड चालला. मी खूश होऊन वायरिंग बदलण्याचा विचार सोडून दिला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस पाऊस झाला आणि फ्रिज पुन्हा बंद पडला. ऋण बाजूला आज ०.६१. बोल्ट चकचकीत होता. दोष त्याच्या पुढे होता. तो अँगल पत्र्याला रिव्हेटने, पत्रा दुसऱ्या पत्र्याला रिव्हेटने आणि मधे सीलंट, असे पाच-सहा सांधे पार करून करंट चासीपर्यंत पोचतो, आणि त्यांतला कोणता सांधा ओलाव्याने आणि हादऱ्याने सैल पडतो हे शोधणे अशक्य आहे. गाडीच्या मूळ दिव्यांना बॉडीची अर्थिंग चालते, कारण ते सांधे कारखान्यात वेल्ड केलेले असतात; मागाहून बांधलेल्या आतील बॉडीवर तिचा भरवसा धरू नये. या गैरसमजात माझे पाच दिवस गेले.

लायटरचा सॉकेट उघडला तेव्हा धन टोकाच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक चढलेला होता आणि ऋण टोक बरेच स्वच्छ होते. बाबांनी त्याचे कारण सांगितले: ओलाव्यात धन टोकाचे तांबे झिजते, आणि म्हणूनच टेलिफोनच्या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडून तारेवर उणे ४८ व्होल्ट ठेवतात. आपल्या गाडीत नेमके उलट असल्यामुळे धन बाजूचा प्रत्येक जोड झाकणे भाग आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

धन आणि ऋण अशा दोन्ही तारा बॅटरीपासून फ्रिजपर्यंत स्वतंत्र न्यायच्या ठरवल्या आणि त्यासाठी ६ चौरस मि.मी. जाडी निवडली. ४ चौरस मि.मी.ने हिशोबात भागले असते, पण मेच्या उन्हात फ्रिज जास्त वेळ चालतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त ओढतो, म्हणून एक पायरी वरची घेतली.

इथे दुसरी मोठी चूक झाली. शहरातल्या एका दुकानात लाल-काळी जोडतार ८४० रुपयांना मिळाली, जाड दिसत होती आणि ६ चौरस मि.मी.चीच आहे असे सांगण्यात आले. गाडीत कायम बसवण्यापूर्वी ती नुसती जमिनीवर पसरून बल्बच्या ओझ्याखाली मोजली, हे नशीब. हिशोबाने एका बाजूला ०.११ व्होल्ट जायला हवे होते, गेले ०.२५. तारेतला एक केस, म्हणजे आतला बारीक धागा, ब्लेडने खरवडला तर आतून पांढरा निघाला. कल्हई केलेली तांब्याची तार बाहेरून पांढरी आणि आतून तांबडी असते. ही बाहेरून तांबडी आणि आतून पांढरी होती, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्यातही इन्सुलेशन जाड आणि आतला धातू कमी. दुकानदाराने कापलेली तार परत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी महाराणी रोडवरून आयएसआय खुणेची, तांब्याची, अनेक केसांची लवचिक तार आणली. १६ मीटर, ९२ रुपये मीटरने. दुकानातच टोक खरवडून पाहिले आणि कुणी हरकत घेतली नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

मीटर जाळला. गाडी उभी असताना बॅटरी आठवड्यात उतरते, त्यासाठी करंट मोजत होते आणि लाल टोचणी मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात होती. मधेच व्होल्टेज पाहावे म्हणून मुख्य बटण फिरवले, पण टोचणीची जागा बदलली नाही, आणि ती बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना लावली. त्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच असते, त्यामुळे तो बॅटरीचा शॉर्ट झाला. ठिणगी उडाली, टोचणीचे टोक वितळले आणि मीटर गेला. त्या भोकाला आत फ्यूजच नव्हता. डोळ्याला काही झाले नाही, परंतु उघड्या पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि मी बाकाची फळी उघडून नुकतीच सुरुवात केली होती, हे नंतर लक्षात आले तेव्हा हात थरथरले. आता फळी उघडल्यावर दहा मिनिटे दारे उघडी ठेवते, आणि करंट मोजून झाला की टोचणी त्याच क्षणी जागेवर आणते. नवा मीटर १,१५० रुपयांचा घेतला, दोन्ही भोकांना फ्यूज असलेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी हत्यारांच्या पूजेत नवा क्रिंपर, म्हणजे तारेच्या टोकाला धातूची टोपी (थिंबल) दाबून बसवायचे हत्यार, ठेवला आणि दुपारी तोच वापरला. आधी मी थिंबल पक्कडीने दाबून बसवत होते; बाबांनी त्यातले दोन हाताने ओढून काढून दाखवले. मग २,३०० रुपयांचा हायड्रॉलिक क्रिंपर विकत घेतला. भाड्याने मिळाला असता तर बरे झाले असते. कथलाने डाग द्यावा का, असाही प्रश्न होता. आम्ही दिला नाही, कारण कथील केसांमधून वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी तार नेमकी तिथे तुटते. चांगला दाबलेला थिंबल, त्यावर गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह आणि पुढे एका वितीवर तारेला क्लिप, असे प्रत्येक टोक केले.

लायटरचा सॉकेट काढून टाकला आणि फ्रिज स्क्रूच्या जोडावर आणला. सहा खणांची फ्यूज पेटी आणि ऋण तारांसाठी पितळी पट्टी बॅटरीशेजारच्या कप्प्यात, बॅटरीच्या वाफेपासून फळीने वेगळी केलेली. फ्रिजला १५ अँपिअरचा निळा फ्यूज. बल्बच्या ओझ्याखाली आता दोन्ही बाजूंची एकूण घट ०.२६ व्होल्ट.

५ ऑक्टोबर, रविवार

उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याचे कारण सापडले. सगळी उपकरणे बंद असताना बॅटरीतून ०.४२ अँपिअर जात होते. आकडा लहान वाटतो, पण आठवड्यात त्याचे ७० अँपिअर-अवर होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी. फ्यूज एकेक करून काढत गेले. यूएसबीच्या सॉकेटांचा फ्यूज काढल्यावर ०.०४ कमी झाले आणि बाकीचे ०.३८ सगळे फ्यूज काढले तरी तसेच राहिले. अर्थात ते फ्यूज पेटीतून जातच नव्हते. ६०० वॉटचा इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडलेला होता, त्याचे बटण कपाटाच्या मागे असल्याने कायम चालू होते, आणि त्या जाड तारेला बॅटरीच्या बाजूला एकही फ्यूज नव्हता.

या एका गोष्टीने मला बाकी सर्वांपेक्षा जास्त अस्वस्थ केले. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. ती तार पत्र्याच्या धारेवर घासून कधी उघडी पडली असती तर १५० अँपिअर-अवरची बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतत राहिली असती, आणि वर फोमची गादी आहे. आजच ८० अँपिअरचा फ्यूज धन टर्मिनलपासून एका वितीच्या आत बसवला, पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट घातले आणि मुख्य तारेवर हाताने फिरवायचा आयसोलेटर लावला. दोन्हींना मिळून १,१५० रुपये. जिने अशी गाडी बांधून घेतली असेल तिने, किंवा त्याने, बाकी काही केले नाही तरी हा फ्यूज आहे की नाही ते आज पाहावे.

१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी दिवसभर चालवूनही मागची बॅटरी भरत नव्हती. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावर, १४.२ आणि मागच्या बॅटरीवर १३.१ व्होल्ट. वाटेत ४ चौरस मि.मी.ची ८ मीटर तार आणि ४० अँपिअरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. २० अँपिअरला तारेतच ०.८ व्होल्ट जातात. रिलेच्या सॉकेटचे प्लॅस्टिक तपकिरी झाले होते. तिथे १६ चौरस मि.मी.च्या तारा आणि ७० अँपिअरचा रिले बसवला. या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना ६० अँपिअरचे फ्यूज. आता उतरलेल्या बॅटरीत सुरुवातीला २८ अँपिअर जातात, व्होल्टेज १३.८ असते आणि करंट कमी होईल तसे ते १४.१ पर्यंत चढते.

एक बारकावा: नवी गाडी, विशेषतः प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांतली, असेल तर तिचा अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून व्होल्टेज खाली आणू शकतो आणि साधा रिले पुरत नाही. आमची गाडी जुनी असल्याने हे काम स्वस्तात झाले.

खर्चाची बेरीज आज केली. हायड्रोमीटर १८०, बल्ब १५०, फसलेली तार ८४०, मीटर १,१५०, एलईडी ३६०, ६ चौरस मि.मी.ची तार १,४७२, १६ चौरस मि.मी.ची २० मीटर तार ४,९००, क्रिंपर २,३००, थिंबल आणि स्लीव्ह ६४०, फ्यूज पेटी आणि पट्टी १,३५०, इन्व्हर्टरचा फ्यूज आणि आयसोलेटर १,१५०, रिले ७८०. एकूण १५,२७२ रुपये, त्यातले २,३५० निव्वळ चुकांचे. नव्या बॅटरीपेक्षा ही रक्कम कमी नाही. पण नवी बॅटरीही त्याच बारीक तारेला आणि त्याच स्क्रूला जोडली गेली असती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पंप चालू झाला की छताचे दिवे मंद होत. दोघांची ऋण तार एकच आणि बारीक होती. पंपाला वेगळी २.५ चौरस मि.मी.ची तार पट्टीपर्यंत दिली. तार घरात शिल्लक होती. दीड तास.

२६ ऑक्टोबर, रविवार

ओंकारेश्वरला एक रात्र राहून आलो, मुद्दाम वीज न घेता. सिमरोल आणि भेरूघाटातून उतरताना गाडी भरपूर हादरली, तेच हवे होते. बडवाह आणि मोरटक्क्यावरून पोचेपर्यंत मागची बॅटरी भरली होती. संध्याकाळी सहाला पॅनेलचे काम थांबले, तेव्हापासून सकाळी सातपर्यंत फ्रिज, एक पंखा आणि दिवे चालले. सकाळी बॅटरी ओझ्याखाली १२.३१ आणि फ्रिजच्या टर्मिनलवर १२.०२ व्होल्ट, कंट्रोलरचा दिवा रात्री मी दोनदा उठून पाहिला, तो विझलेला होता. इन्सुलिनच्या डब्यात ठेवलेल्या थर्मामीटरवर सर्वांत कमी ४ आणि सर्वांत जास्त ६ अंश नोंदले गेले.

०.२६ ची घट ०.२९ झाली होती. घरी आल्यावर एकेक जोड मोजला तेव्हा पितळी पट्टीवरचा फ्रिजचा स्क्रू पाऊण फेरा सैल निघाला. तिथे स्प्रिंग वॉशर घालायचे राहिले होते; सहाही स्क्रूंना घातले आणि पुन्हा ०.२६ आले. बाबांनी संपूर्ण वायरिंगचा नकाशा, तारांची जाडी आणि फ्यूजचे आकडे स्वतःच्या हाताने काढून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. निघताना मीटर, एच-४ बल्ब, खापर, प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज आणि एक जादा रिले डब्यात घ्यायचे आहेत, आणि घाट उतरल्यानंतर दर वेळी पट्टीचे स्क्रू तपासायचे आहेत.